बोरिवलीला उतरून केलेला एक फोन

प्रति,
मुंबईतल्या विमान कंपन्या, हेलिकॉप्टर कंपन्या आणि देखभाल संस्थांचे सर्व अकाउंटेबल मॅनेजर (नियमाने जबाबदार धरलेले वरिष्ठ अधिकारी),
कालिना, सांताक्रूझ, जुहू आणि आता नवी मुंबई

स. न. वि. वि.

मी मुंबईत ३१ वर्षं विमानांची देखभाल केली. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. विलेपार्ले पूर्वेला राहतो. विमान गेलं की वाक्य अर्ध्यावर थांबवायचं आणि आवाज ओसरला की पुढे बोलायचं, ही आमच्या घरातली जुनी सवय आहे. तुमच्या कामात ढवळाढवळ करायची हौस नव्हती. पण महिन्यापूर्वी एक गोष्ट कळली आणि ती काही केल्या पचेना.

माझ्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा एका हँगरवर टेक्निशियन होता. एजन्सीतर्फे, कंत्राटी. राहायला नालासोपाऱ्याला. रात्रपाळी संपवून तो सकाळी विरार लोकलमध्ये बसला आणि कांदिवली सोडल्यावर त्याच्या मनात आलं, की पहाटे इंजिनात ऑइल भरल्यावर टाकीचं झाकण आपण लॉक केलं का? ऑइलचा डबा खाली ठेवला, तेवढ्यात शेजारच्या बेवरून (विमान उभं करायच्या जागेवरून) कोणीतरी हाक मारली, हे आठवलं. त्यापुढचं आठवेना. गाडीत आवाज येईना म्हणून तो बोरिवलीला उतरला आणि त्याने फलाटावरून कंट्रोल रूमला फोन केला. विमानाचं पुशबॅक झालं होतं, म्हणजे ते निघण्यासाठी मागे ढकललं होतं. ते परत बोलावलं. झाकण नुसतं टेकवलेलं होतं, लॉक नव्हतं. ते लावलं, कागद झाला, विमान ५० मिनिटं उशिरा गेलं.

चौथ्या दिवशी रोस्टरवरून त्याचं नाव गेलं. एजन्सीने सांगितलं, साइटवर येऊ नकोस.

परवा तो घरी आला होता. चहा पिता पिता म्हणाला, “काका, पुढच्या वेळी नाही करणार फोन.”

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर हे एका कंपनीचं भांडण होईल आणि बाकीचे सगळे सुटकेचा निःश्वास टाकतील. त्या मुलाच्या वाक्यामुळे मी हे पत्र लिहितोय, आणि खुलं लिहितोय, कारण त्या मुलाने विमान परत बोलावल्याचं त्यातल्या प्रवाशांना कधीच कळलं नाही. त्यांच्या लेखी ती फक्त ५० मिनिटांची कटकट होती.

यात माझा घरचाही संबंध आहे, तो लपवत नाही. बहिणीचा मुलगा समुद्रातल्या रिगवर काम करतो. १४ दिवस समुद्रात, १४ दिवस घरी. दर खेपेला जुहूहून हेलिकॉप्टर. त्याच्या निघण्याच्या दिवशी बहीण सकाळपासून फोन हातातून सोडत नाही. तिला मी काय सांगणार? मुंबईच्या समुद्राने ऑगस्ट २००३ मध्ये हेलिकॉप्टरच्या एका फेरीत २७ माणसं घेतली. १३ जानेवारी २०१८ ला जुहूहून निघालेल्या हेलिकॉप्टरमधले सातही जण गेले. २८ जून २०२२ ला सागर किरण रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात पडलं, नऊपैकी चार गेले. त्याच्या बरोबर चार वर्षं आधी, २८ जून २०१८ ला, जुहूहून देखभालीनंतरच्या चाचणी उड्डाणाला गेलेलं छोटं विमान घाटकोपरला बांधकामाच्या जागेवर कोसळलं. दोन वैमानिक, देखभालीची दोन माणसं आणि रस्त्याने चाललेला एक मजूर. या सगळ्या अपघातांची कारणं वेगवेगळी, ती एका माळेत ओवायचा मूर्खपणा मी करणार नाही. पण २८ जून ही तारीख आमच्या घरात कोणाला कॅलेंडर बघून सांगावी लागत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार, सांगणाऱ्याला तुम्ही घरी पाठवता. तुम्ही म्हणाल, चूक त्याचीच होती. होतीच. चूक माझीही झाली आहे. जुलै १९९४, रात्रपाळी, बाहेर धो धो पाऊस. बोइंग ७३७ च्या डाव्या पंखाच्या फ्लॅपवरचं (पंखाच्या मागच्या हलत्या भागावरचं) काम संपवून मी सही केली. विमान हँगरमधून बाहेर गेलं. साडेचारच्या सुमारास हत्यारं जागेवर लावायला गेलो. आमच्याकडे भिंतीवर शॅडो बोर्ड असायचा. प्रत्येक पान्याच्या, प्रत्येक पकडीच्या आकाराची काळी सावली रंगवलेली, हत्यार टांगलं की सावली झाकली जायची. त्या रात्री ७/१६ च्या पान्याची सावली उघडी होती. आजही डोळे मिटले की ती पान्याच्या आकाराची काळी जागा दिसते. मी दहा मिनिटं स्वतःचेच खिसे चाचपत उभा होतो. दहा मिनिटं, हे मुद्दाम लिहितोय. कारण त्या वेळात मी पाना शोधत नव्हतो, नोकरीचा हिशेब करत होतो.

मग फोरमनकडे गेलो. बांद्र्याचे होते, सगळे त्यांना अंकल म्हणायचे. त्यांनी एक शब्द न बोलता फोन उचलला आणि विमान थांबवलं. पलीकडून ऑपरेशन्सवाला इतका ओरडत होता, की मला रिसीव्हरमधून ऐकू येत होतं. पाना फ्लॅपच्या ट्रॅकजवळ सापडला. अंकल फोनवर एवढंच म्हणाले, “मिळाला. पोरगा माझा आहे, त्याचं मी बघतो.” काय बघितलं? मला चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवसापासून नियम केला, की सहीच्या आधी दुसऱ्या माणसाने बोर्ड मोजायचा. माझ्या एका चुकीवर त्या हँगरला एक नियम मिळाला. तुमच्याकडच्या त्या ऑइलच्या झाकणावर काय मिळालं? एक जागा रिकामी झाली, त्यावर एजन्सीने दुसरा मुलगा पाठवला. तोही रात्री दोन बे सांभाळणार, त्यालाही हाक येणार.

शिक्षा कोणालाच नको असं मी म्हणत नाही. न केलेल्या कामावर सही ठोकणाऱ्याला, मोजमाप न घेता आकडे भरणाऱ्याला काढा, परवाना घ्या, मी टाळी वाजवेन. असे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांची कीव मला कधी आली नाही. पण विसरणं वेगळं आणि फसवणं वेगळं. हा फरक ज्याला कळत नाही त्याने हँगर चालवू नये.

दुसरी तक्रार. जगभरात लोकांनी जीव देऊन जे धडे लिहून ठेवले, ते हँगरच्या फरशीपर्यंत पोचत नाहीत. चौकशी अहवाल येतो, वेबसाइटवर चढतो, शंभर-दीडशे पानं इंग्रजीत. तो तुमचा क्वालिटीवाला वाचतो. कधी कधी वाचतो. बोल्ट सैल होऊ नये म्हणून लॉकवायर पिळणारा मुलगा वाचत नाही. दर दोन वर्षांनी ह्यूमन फॅक्टर्सचा, म्हणजे माणूस चुकतो कसा याचा, क्लास होतो, त्यात स्लाइड सरकतात, ‘डर्टी डझन’ची, म्हणजे चुकीच्या बारा कारणांची, नावं पाठ होतात आणि समोसा खाऊन सगळे शिफ्टला जातात. मी स्वतः ते समोसे खाल्ले आहेत.

नावं पाठ करून काही होत नाही. गोष्ट सांगावी लागते. १० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच हवेत उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिन क्रूने त्याला विमान उतरेपर्यंत धरून ठेवलं. तो वाचला, सगळे वाचले. ती काच उड्डाणाच्या २७ तास आधी बदलली होती. ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट जाडीला कमी होते. किती कमी? ०.०२६ इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटरही नाही. हे काम कोणा शिकाऊ पोराने केलं नव्हतं, शिफ्टच्या मॅनेजरने केलं होतं. माणसं कमी होती म्हणून रात्री स्वतःच एकट्याने हाती घेतलं. काढलेला जुना बोल्ट घेऊन तो स्टोअरला गेला. स्टोअरवाल्याने सांगितलं, की या कामाला आठ नंबरचा लागतो. पण निघालेला बोल्ट सात नंबरचा होता, तोच इतके दिवस चालला होता, मग तोच लावू, असं साहेबाने ठरवलं. पुरेसे मिळाले नाहीत म्हणून दुसरीकडे, अपुऱ्या उजेडातल्या खणांतून, चष्म्याशिवाय, नजरेने जुळवून उचलले.

ही गोष्ट ऐकली की मला कॅप्टनपेक्षा स्टोअरवालाच जास्त आठवतो. त्याला माहीत होतं, तो बोललाही. पण समोर शिफ्टचा मॅनेजर, दुसऱ्यांदा कोण बोलणार? आपल्याकडे तर तो पहिल्यांदाही बोलला नसता. ‘साहेब म्हणतात म्हणजे बरोबरच असेल’ हे वाक्य मी निरनिराळ्या हँगरमध्ये, निरनिराळ्या भाषांत ऐकलं आहे.

असंच न बोलणं प्रवाशाकडूनही होतं. २८ एप्रिल १९८८, हवाई बेटं, अलोहा एअरलाइन्सचं ७३७. बेटाबेटांवर उड्या मारून ८९,६८० फेऱ्या झालेलं, खाऱ्या हवेत सांधे कुजलेलं विमान. हवेत त्याच्या छताचा १८ फुटांचा तुकडा फाटून गेला, एक हवाईसुंदरी गेली. विमानात चढताना एका प्रवासी बाईला दाराजवळ भेग दिसली होती. ती कोणाला काही बोलली नाही. त्यांना माहीत असेलच, असं आपल्यालाही वाटलं असतं. (खाऱ्या हवेचं मुंबईत मी वेगळं सांगायला नको. जुहूला चार दिवस लोखंडी खुर्ची बाहेर ठेवून बघा.)

तिसरी तक्रार शिफ्ट बदलाची. ११ सप्टेंबर १९९१ ला टेक्सासमध्ये काँटिनेंटल एक्सप्रेसचं छोटं विमान हवेतच तुटलं, १४ माणसं गेली. शेपटीच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेचे, डाव्या बाजूचे, वरचे ४७ स्क्रू जागेवर नव्हते. आदल्या रात्री एका पाळीने ते काढले, पुढच्या पाळीला ते नीट सांगितलं गेलं नाही, कागदावर आलं नाही. ते स्क्रू शेपटीच्या वरच्या अंगाला. खाली उभं राहून बघितलं तर दिसणार कसे?

आज तुमच्याकडे हँडओव्हर, म्हणजे एका पाळीने दुसरीला काम सोपवणं, कसा होतो? सांगा बरं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. “डावी बाजू बाकी, बाकी ओके.” कोणत्या विमानाची डावी बाजू? जाणाऱ्याला ट्रेन गाठायची असते, येणारा रिक्षात अडकलेला असतो, आणि दोघांच्या मधल्या वीस मिनिटांत विमान अनाथ असतं. वैमानिकांच्या विश्रांतीवर गेल्या दोन वर्षांत केवढी चर्चा झाली, आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली. चांगलं झालं. पण पंखाखाली सलग पाचवी रात्र काढणाऱ्याचे डोळे कोणी मोजले? मध्यरात्री दोन ते पहाटे पाच या वेळात माणूस काय आणि कसा विसरतो, ते मला विचारा. बारा तासांची ‘डबल’ मारल्यावर मी एकदा स्वतःच्या घराच्या दाराला हँगरच्या लॉकरची किल्ली लावत होतो. बायको आतून बघत हसत होती.

चौथी तक्रार, एका घरातलं शहाणपण शेजारच्या घरात जात नाही. १ डिसेंबर १९७४ ला वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीचं विमान डोंगरावर आदळून ९२ माणसं गेली. सहा आठवडे आधी युनायटेड या दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजातून डोंगराला घासता घासता वाचलं होतं. त्या वैमानिकांनी ते सांगितलं, त्यांच्या कंपनीने आपल्या लोकांना सावधही केलं. टीडब्ल्यूएला कोणी सांगायचं? त्या धड्यातून १९७६ मध्ये अमेरिकेत अशी व्यवस्था उभी राहिली, की नकळत झालेली चूक दहा दिवसांत लिहून पाठवली तर नियामक त्या माणसाला दंड करत नाही. आणि ती चिठ्ठी घेतं कोण? विमान खातं नव्हे, नासा. शिक्षा करणारा आणि ऐकून घेणारा वेगवेगळे ठेवले. एवढी साधी अक्कल.

कालिन्यात एका हँगरची भिंत दुसऱ्याला लागून आहे. एकाकडे काय अघटित घडता घडता राहिलं, ते दुसऱ्याला टपरीवर चहा पिताना कळतं. टपरी नसती तर तेही कळलं नसतं.

हेलिकॉप्टरचं थोडं जास्त लिहितो, भाच्यासाठी. हेलिकॉप्टरच्या मेन गिअरबॉक्सला पर्याय नसतो. विमानाचं एक इंजिन गेलं तर दुसरं असतं, इथे गिअरबॉक्स गेला की सगळं गेलं. म्हणून त्यात चिप डिटेक्टर असतो. लोहचुंबकच तो, ऑइलमध्ये धातूचा कण आला तर पकडायचा. २५ मार्च २००९ ला स्कॉटलंडमधल्या एका सुपर प्यूमा हेलिकॉप्टरच्या डिटेक्टरवर असा कण सापडला. चालवणारी कंपनी आणि बनवणारी कंपनी यांच्यात फोन झाले, ईमेल झाले, आणि कोणी नक्की काय तपासलंय याबद्दल दोघांचा समज वेगवेगळा राहिला. गिअरबॉक्स उघडला गेला नाही. १ एप्रिलला तेलाच्या प्लॅटफॉर्मवरून परतताना रोटर वेगळा झाला, १६ माणसं गेली. म्हणजे गिअरबॉक्सने आठवडाभर आधी कळवलं होतं.

त्याच्या तीनच आठवडे आधी, १२ मार्चला, कॅनडाच्या समुद्रात रिगकडे निघालेलं एस-९२ पडलं, १८ पैकी १७ गेले. गिअरबॉक्सच्या फिल्टरचे टायटॅनियमचे स्टड (फिल्टर धरून ठेवणारे बोल्ट) तुटून ऑइल वाहून गेलं. त्याच प्रकारचे स्टड जुलै २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात तुटले होते. जानेवारीत सूचना निघाली, की पोलादी स्टड लावा. मुदत, एक वर्ष किंवा १,२५० तास. मुदतीत बसणारं काम पुढे ढकलणं हा काही गुन्हा नाही, मीही ढकललंय. पण ‘मुदत आहे’ आणि ‘धोका नाही’ या दोन वाक्यांत समुद्राएवढं अंतर आहे.

१२ जून २०२५ नंतर आमच्या सोसायटीत प्रत्येक जण विमानतज्ज्ञ झाला होता. अहमदाबादला २६० माणसं गेली आणि दोन दिवसांत वाहिन्यांनी गुन्हेगारही ठरवून टाकले. मी त्याबद्दल काही बोललो नाही, इथेही बोलत नाही. पेरूमध्ये १९९६ ला विमान धुताना हवेच्या दाबाच्या छिद्रांवर चिकटवलेली टेप काढायची राहिली, वैमानिकांना उंची कळेना, ७० माणसं गेली. न्यायालयात दोषी ठरला तो टेप लावणारा कामगार. चंदेरी पत्र्यावर चंदेरी टेप वापरू देणारे, त्याचं काम तपासायची जबाबदारी असणारे साहेब मागेच राहिले.

आता मागण्या. साध्या आहेत.

त्या मुलाला परत घ्या. ज्याने घ्यायचं त्याला कळलं आहे. पगार बुडाला तो द्या आणि शिफ्टसमोर सांगा, की याने फोन केला ते बरोबर केलं. सांगणं महत्त्वाचं, पैसे दुसऱ्या नंबरवर.

‘जस्ट कल्चर’चं, म्हणजे प्रामाणिक चूक सांगणाऱ्याला शिक्षा नाही या धोरणाचं, जे पान तुम्ही भिंतीला लावलंय, त्यात एजन्सीच्या माणसांचं नाव घाला. लेखी. आज ते धोरण फक्त कायम नोकरांना लागू पडतं. आणि विमानाला कायम हात लागतो कंत्राटी मुलांचा. स्वतःची चूक स्वतः कळवणाऱ्याला एजन्सीने काढायचं असेल तर आधी तुमची सही लागेल, असा नियम करा. अकाउंटेबल मॅनेजर ही खुर्ची नियमात याचसाठी आहे, पैसा आणि माणसं द्यायचा अधिकार तुमच्याकडे आहे म्हणून.

कोणताही अपघात अहवाल आला की पंधरा दिवसांत त्याचं एक पान मराठीत आणि एक हिंदीत करा. शिफ्ट सुरू होताना उभ्या उभ्या वाचा. पाच मिनिटं लागतात.

दोन पाळ्यांमध्ये अर्धा तास सामाईक ठेवा, पगारी, आणि हँडओव्हर विमानाजवळ उभं राहून, टास्क कार्ड (कामाच्या पायऱ्यांचा कागद) हातात धरून होऊ द्या. व्हॉट्सॲपवरचा हँडओव्हर बंद. रात्रपाळ्या सलग किती, याचा आकडा ठरवा आणि तो नोटीस बोर्डवर लावा.

मुंबईतल्या सगळ्या हँगरांनी महिन्यातून एकदा, नावं वगळून, घडता घडता राहिलेल्या गोष्टी एकमेकांना सांगाव्यात. व्यापाराचं गुपित त्यात काही नसतं, प्रत्येकाचं झाकण सारखंच उघडं राहतं.

आणि जुहूच्या हेलिकॉप्टर कंपन्यांना एक वेगळं. चिप डिटेक्टरवर काही सापडलं तर काय सापडलं, कोणाशी बोललात आणि काय ठरलं, हे रिगवर जाणाऱ्यांच्या प्रतिनिधीला दाखवा. त्यांना गिअरबॉक्समधलं कळणार नाही म्हणू नका. पाण्यात उलट्या झालेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर कसं पडायचं, हे तुम्हीच त्यांना तलावात बुडवून शिकवता. मग कागदही वाचू द्या.

या पत्राची एक प्रत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला पाठवतोय. नियम करायचं काम त्यांचं आहे, पण वर लिहिलेल्यातलं बहुतेक सगळं तुम्ही नियमाशिवायही येत्या सोमवारपासून करू शकता.

ते मराठी पान तयार करायला माणूस नसेल तर मी करून देईन. शिफ्टला येऊन वाचूनही दाखवेन, रात्री दहाची असली तरी. मानधन नको. फक्त गेटवर पास काढून ठेवा, माझा जुना निवृत्तीच्या दिवशी जमा करून घेतला आहे.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता
विलेपार्ले (पूर्व), मुंबई